हे आमच्याकडे होतंच

माझ्या भावोजींना नवी गोष्ट दाखवायची सोयच नव्हती. फोनवरून पत्र पाठवता येतं म्हटलं, की ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "हे आमच्याकडे होतंच." एका पडद्यावर दोन खिडक्या उघडून इकडचं उचलून तिकडे चिकटवता येतं म्हटलं, तरी तेच. बसल्या जागेवरून पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरवर कागद छापता येतो, तेही त्यांच्याकडे होतंच. एकदा मी चिडून त्यांच्यासमोर माझा नवा कुकर नेऊन आदळला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, शिट्टी हलवून पाहिली आणि बराच विचार करून कबूल केलं, की हे मात्र नव्हतं. त्या दिवशी मी जग जिंकल्यासारखी घरी आले.

असा बोलका माणूस एका वर्षी गप्प झाला. त्याला पुन्हा बोलतं कसं करायचं, या एकाच काळजीनं माझी ताई निम्मी झाली होती. त्याचीच ही हकीकत. पण आधी 'आमच्याकडे' म्हणजे कुठे, ते सांगायला हवं. नाहीतर भावोजींना आवडायचं नाही.

'आमच्याकडे' म्हणजे पंपांच्या कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, ड्रॉइंग विभागात. भावोजी तिथे ड्राफ्ट्समन होते. पेन्सिलीला टोक असं काढायचे, की बघणाऱ्याला टोचावं. घरात खिळा ठोकायचा असला तरी आधी त्याचं तीन बाजूंनी चित्र काढायचे, आणि चित्र पुरं होईपर्यंत ताई तो खिळा ठोकून त्यावर पिशवी अडकवून मोकळी झालेली असायची. बोर्डावर वाकून पंप काढता काढता त्यांची कंबर आखडायला लागली, आणि अशात एक दिवस विभागात वर्कस्टेशन नावाची यंत्रं आली. खोक्यापेक्षा पडदा मोठा, पडद्यापेक्षा त्याचं वजन मोठं, आणि माउसला तीन बटणं. तेव्हा बाकीच्या जगात कॉम्प्युटर म्हणजे हिरवी अक्षरं लुकलुकणारा डबा होता. यांच्या पडद्यावर मात्र कागदावर असावं तसं काळं-पांढरं चित्र, एकीवर एक पसरलेल्या खिडक्या, आणि एकाच यंत्रावर चार माणसं चार जागांवरून एकाच वेळी काम करायची. कुणाचा पाय कुणाच्या पायात नाही. भावोजींचं म्हणणं असं, की आजच्या सगळ्या फोनांचा आणि लॅपटॉपांचा हा खापरपणजोबा. "तुझा फोन उघडून बघ, आमच्याच घराण्याचं रक्त निघेल," असं ते मला सांगायचे. मी शाळेची बस चालवते. मला फोन उघडून बघायला वेळ नसतो, मी तो फक्त कानाला लावते.

त्यांचं बोलणं ऐकून घ्यायचं एक तंत्र मी बसवलं होतं. अधूनमधून "हो का" म्हणायचं आणि मनातल्या मनात उद्या कुठल्या पोराची आई उशीर करणार याचा अंदाज बांधायचा. ताई मात्र खरंच ऐकायची. तेच खोकं, त्याच खिडक्या, तोच प्रिंटर. मी एकदा तिला विचारलं, की तुला हे सगळं पाठ झालं असेल, मग कान देऊन काय ऐकतेस? तर म्हणाली, पाठ आहेच, पण सांगताना ते इतके खूश दिसतात, की मधेच उठवत नाही. आता अशा बाईला काय सांगणार.

ताईही त्याच कारखान्यात होती, खालच्या मजल्यावर, प्लॅनिंगमध्ये. वरून ड्रॉइंग वेळेवर आलं नाही की खालची लेथ मशिनं रिकामी बसायची, आणि ते ड्रॉइंग मागायचं, म्हणजे भांडायचं, काम ताईकडे असायचं. तिच्याही टेबलावर तसंच यंत्र होतं आणि त्यात दोघांना बोलायची सोय होती. पडद्याच्या मधोमध एक आडवी रेघ पडायची. वरच्या अर्ध्यात आपण टाइप केलेलं दिसायचं, खालच्या अर्ध्यात समोरच्यानं केलेलं. यंत्राला आपली लिपी येत नव्हती, म्हणून बोलायचं मराठी आणि अक्षरं इंग्रजी. पण खरी खुबी वेगळीच होती. हल्ली आपण लिहितो, वाचतो, सुधारतो आणि मग पाठवतो. तिथे पाठवायचं बटणच नव्हतं. बोट पडेल तसं अक्षर समोरच्याच्या पडद्यावर उमटायचं. चुकलेलं दिसायचं, आणि खोडलेलंसुद्धा खोडताना दिसायचं. ही खुबी सगळ्या कारखान्याला समजावून सांगितली कुणी, तर भावोजींनी.

आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत नेमके तेच ही खुबी विसरले. त्यांनी टाइप केलं, "माझ्याशी लग्न कराल का". मग घाबरले. शेवटच्या अक्षरापासून एकेक खोडत मागे आले, जागा कोरी केली, आणि तिथे लिहिलं, "पंपाच्या पंख्याचं ड्रॉइंग कधीपर्यंत हवं?" खालच्या मजल्यावर ताई डबा तसाच उघडा ठेवून हे सगळं बघत बसली होती. तिनं डब्याला झाकण लावलं आणि कीबोर्ड पुढे ओढला. मग तिच्या बाजूच्या अर्ध्या पडद्यात दोन शब्द आले. "वाचलं मी." आणि त्याखाली, "ड्रॉइंग आजच पाठवा. दुसऱ्याचं उत्तर उद्या."

उत्तर काय आलं ते उघड आहे, नाहीतर ते माझे भावोजी झाले नसते. त्यांच्याकडे काय काय होतं हे सांगताना ही गोष्ट तेवढी ते वगळायचे. ती ताई सांगायची, आणि ती सांगायला लागली की भावोजी उठून गॅलरीत जायचे.

पुढे कारखान्यात नवे, स्वस्त कॉम्प्युटर आले आणि जुनी यंत्रं भंगारात निघाली. भावोजींनी साहेबांना गळ घालून आपलं यंत्र घरी आणलं. दोन खोल्यांच्या घरात ते मावेना. जाता-येता त्याच्या कोपऱ्यांवर आपटून ताईच्या गुडघ्यांवर टेंगळं आली, तेव्हा ते माझ्या घरी, मागच्या खोलीत आलं. थोड्या दिवसांसाठी. माझी मुलं मोठी होऊन नोकरीला लागली, माझी बस बदलली, यंत्र तिथेच. भावोजींनी सासरहून कधी काही मागितलं नाही, फक्त मेव्हणीची एक खोली दाबली. मधूनच येऊन त्यावरचं कापड झटकायचे आणि "अजून चालतं हं," असं मला बजावून जायचे, जणू मी नाही म्हणत होते.

मग भावोजींच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आणि तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. डॉक्टरांनी हे आधी नीट समजावून सांगितलं होतं, आणि जीव वाचला म्हणजे सगळं वाचलं, असं आम्ही एकमेकांना म्हणत होतो. दवाखान्यातून एक छोटं यंत्रही मिळालं. टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि नेहमीसारखे ओठ हलवायचे, की बोलणं उमटतं. आवाज घरघरता आणि एकसुरी, पण सरावानं शब्द चांगले कळतात. ते शिकवणाऱ्या बाईंकडे भावोजी एकदा गेले. तिथे दुसऱ्या कुणाला तसं बोलताना ऐकलं, घरी आले, आणि यंत्र खणात टाकून खण लावून घेतला. जन्मभर यंत्रांचं कौतुक करत आलेल्या माणसाला नेमकं हेच एक यंत्र नको झालं.

सुरुवातीला ते पांढऱ्या पाटीवर मार्करनं लिहायचे. कधी फोनवर निरोप पाठवायचे. "चहा." "नको." "पडतो जरा." ज्यांना एका स्क्रूची माहिती द्यायला अर्धा तास पुरायचा नाही, ते एका शब्दावर आले. पुढे पुढे पाटीही भिंतीला टेकूनच राहायला लागली. ताई एकदा फोनवर मला म्हणाली, "अगं, घरात माणूस आहे आणि नाही, असं झालंय. रेडिओ लावला तरी उठून बंद करतात. मला वाटतं, ते आतून एकेक दार लावून घेतायत." ताई रडकी नाही. तिचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मग मला भावोजींचा राग आला, आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि भावोजींच्या समोर खुर्ची ओढून बसले. सांगितलं, की मला मागची खोली रिकामी करायचीय, रविवारी भंगारवाला येतोय, तुमच्या खापरपणजोबांना त्याच्या हवाली करते. भंगारवाला वगैरे कुणी नव्हता, मी ठोकून दिलं होतं. भावोजींनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग भिंतीशी टेकलेली पाटी उचलली, लिहिलं, "नाही," आणि त्याखाली रेघ मारली. रेघ पुरेशी जाड वाटली नसावी, म्हणून तिच्यावर आणखी एक मारली. ताई दारात उभी राहून मला डोळ्यांनीच दटावत होती. मी म्हटलं, नाही तर नाही, मग तुमचं तुम्ही घेऊन जा.

रविवारी शाळा नसते, म्हणून बस मोकळी. पडदा आम्ही मुलांच्या बाकावर बसवला आणि त्याला पट्टा बांधला. भावोजी शेजारी बसून त्याला मिठी मारून होते. एरवी माझ्या बसमध्ये साठ पोरं कोकलतात तेव्हा माझा हात हलत नाही, पण त्या दिवशी प्रत्येक खड्ड्याला आरशातून भावोजी माझ्याकडे असे बघत होते, की मी चालत जाण्याच्या वेगानं बस नेली. मागून सायकलवाले ओलांडून गेले. लिफ्टमध्ये यंत्र आणि भावोजी मावले. मी जिन्यानं चढले.

जेवायच्या टेबलावर सगळं मांडून भावोजींनी बटण दाबलं. आधी पंखा फिरला, मग आत काहीतरी थंडीतल्या माझ्या बससारखं खाकरलं, आणि पडद्यावर अक्षरं आली. ती वाचून भावोजींनी कपाळाला हात लावला. यंत्राच्या आतली बारकी बॅटरी केव्हाच संपली होती, आणि ती संपली की त्याला आजची तारीख तर सोडाच, स्वतःचं नावही आठवत नाही. चालू केलं की दर वेळी हातानं सांगावं लागतं, की बाबा रे, तू अमका. हे ताईनं मला समजावलं. तिला ते सगळं पाठ होतंच. भावोजी यंत्राला त्याची ओळख सांगत बसले. मी म्हटलं, बघा, याचा आवाज शाबूत आणि ओळख गेलेली, तुमचं नेमकं उलटं. ताईनं मला चिमटा काढला. पण भावोजींचे खांदे हलत होते. हसायला आवाज लागत नाही, हे मला तेव्हा कळलं.

पासवर्ड विचारला तेव्हा त्यांनी विचारही केला नाही, बोटंच परस्पर पळाली. खिडक्या उघडल्या. आणि तिथे सगळं अडलं, कारण माउस हलेना. हल्लीच्या माउसला कुठलंही टेबल चालतं. या जुन्याला स्वतःचा धातूचा पॅड लागतो, चकचकीत, बारीक उभ्या-आडव्या रेघांचा. त्या रेघा वाचत तो चालतो. पॅड नसला की आंधळा. भावोजींनी हवेत बोटांनी चौकोन काढून दाखवला आणि शोधायला लागले. खोकी उलटी केली, खाली जाऊन बसचे बाक चाचपून आले. शेवटी हताश होऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, ते बाहेर येईनात. आम्ही जाऊन पाहिलं, तर ओट्यासमोर पुतळ्यासारखे उभे. ओट्यावर कढई होती, आणि कढईखाली ताटली.

ती ताटली मी ओळखत होते. त्या घरात जेवलेला प्रत्येक माणूस ओळखत होता. गरम भांडं ठेवायची ताईची लाडकी ताटली. बारीक नक्षीची, न गंजणारी, पुसली की लख्ख. अशी आता मिळत नाही, हे ताईनं मला कितीदा तरी ऐकवलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. यंत्र माझ्याकडे हलवलं तेव्हा पॅड मागे राहिला असणार आणि ताईला तो कामाचा वाटला असणार. भावोजींनी कढई बाजूला केली. मधोमध काळा गोल डाग होता, बरोबर कढईच्या बुडाएवढा.

त्यांचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, हात वर गेला, मानेच्या शिरा ताणल्या, आणि आवाज काही नाही. ते पाटीकडे धावले. चार शब्दांत पाटी भरली, बाहीनं पुसली, पुन्हा भरली, पुन्हा पुसली, आणि त्यांनी मार्कर फेकून दिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्याजवळ पाटीत न मावणारं काहीतरी होतं. ताई ओट्याला टेकून उभी होती. नवरा चिडला म्हणून एवढी हरखलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

भावोजींनी ताईचा लॅपटॉप आणला, जाड केबलनं त्या यंत्राला जोडला. लॅपटॉपवरही त्यांनी फार पूर्वी त्याच घराण्यातली प्रणाली बसवून ठेवली होती, आणि त्यावरून ताईनं पुष्कळ दिवस कुरकुर केली होती. आता त्यांनी एक काळी खिडकी उघडून तिच्यात काहीतरी टाइप केलं, आणि खापरपणजोबाची भाषा लॅपटॉपनं बिनबोभाट ओळखली. ताईचा खांदा धरून त्यांनी तिला लॅपटॉपपुढे बसवलं आणि स्वतः टेबलाच्या पलीकडे, त्या प्रचंड पडद्यामागे गेले. आम्हाला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं. मी ताईच्या पाठीशी उभी राहिले. लॅपटॉपवर मधोमध एक आडवी रेघ पडली, तशी ताईनं तोंडावर हात ठेवला.

खालच्या अर्ध्यात अक्षरं धावायला लागली. "माझ्या पॅडवर कढई? इतकी वर्षं? आणि मला कुणी सांगत नाही?" लिहीत होते, चुकत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते, आणि ते सगळं आमच्यासमोर घडत होतं. ते टाइप करत नव्हतेच, ओरडत होते. ताईची बोटं आता मंद झालीयत, पण प्लॅनिंगमधली भांडायची सवय गेलेली नव्हती. तिनं एकेक अक्षर शोधून लिहिलं, "रोज त्याच कढईतलं जेवलात. ताटली समोरच होती. तेव्हा कुठे बघत होतात?"

पडद्यावरून टक्कल जरासं वर आलं आणि परत खाली गेलं. मग आलं, "जेवणाकडे."

मग दोघं सुटलीच. पॅड कसा साफ करायचा, डागावर माउस अडखळेल तेव्हा कडेकडेनं कसा न्यायचा, हल्लीच्या फोनवर समोरचा लिहितोय म्हणून तीन ठिपके नाचतात त्यात काय मोठंसं, आमच्याकडे अख्खं लिहिणंच दिसायचं. मी ताईच्या डोक्यावरून वाचत होते आणि माझ्या तोंडून "हो का" निघाला नाही. मला ऐकायचं होतं. भावोजी परत आले होते, निदान अर्ध्या पडद्यापुरते, आणि मला इतकं बरं वाटत होतं, की मीच रडले असते.

मग पलीकडून कळांचा आवाज थांबला. परत सुरू झाला तेव्हा अक्षरं सावकाश येत होती. "त्या खणातल्या डबड्याच्या आवाजात तुला हाक मारायची लाज वाटते."

वाक्य पुरं झालं. मग शेवटाकडून खोडलं जायला लागलं. 'वाटते' गेलं, 'लाज' गेली, 'हाक' गेली, पाठोपाठ सगळं गेलं. कोऱ्या जागेत उमटलं, "चहा दे."

मी ताईकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती. तिनं डोळे पुसले नाहीत, आधी टाइप केलं.

"वाचलं मी."

आपण खोडलेलं समोर दिसतं, हे भावोजी दुसऱ्यांदा विसरले होते की या खेपेला आठवणीनं विसरले होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी कधी विचारलं नाही. ताईनं आणखी दोन शब्द लिहिले, "हाक मारा," आणि लॅपटॉप मिटून हात मांडीवर ठेवून बसली.

खुर्ची सरकली. आतल्या खोलीत खण उघडल्याचा आवाज झाला. भावोजी दारात आले, ते टॉर्चसारखं यंत्र गळ्याला लावूनच. बटण दाबलं तर नुसतीच घरघर. जागा चुकली होती. त्यांनी ते थोडं सरकवलं, पुन्हा दाबलं आणि ओठ हलवले.

"अगं."

आवाज माणसाचा कमी आणि मोटारीचा जास्त होता. पण 'अगं' म्हणताना मान जराशी डावीकडे कलवायची त्यांची लकब होती, ती तशीच होती.

"ओ," ताई म्हणाली. रोज स्वयंपाकघरातून द्यायची तशीच तिनं ओ दिली, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.

चहा मी केला. त्यांनी मागितला होता आणि कुणीतरी उठायला हवं होतं. बाहेरून घरघर ऐकू येत होती, तुटत होती, जागा शोधून पुन्हा सुरू होत होती. सगळे शब्द कळले नाहीत, पण 'आमच्याकडे' तेवढा पक्का कळला. मधे मधे ताईचं हसू. चहा उकळला, मी चिमट्यानं पातेलं उतरवलं आणि ठेवायला गेले, तर ओट्यावर ताटली नव्हती. ती आता माउसखाली होती. ताईला हाक मारून दुसरं काय घेऊ ते विचारणार होते. पण ती दोघं बोलत होती, म्हणून मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले.